निशाणापुढची जागा

चैत्र लागला की रविवारी सकाळी आकुर्डीच्या चौकात एखादा तरी पिकअप सिग्नलला थांबलेला दिसतो. मागच्या हौद्यात उसाचं वाढं अंथरलेलं, त्यावर आखूड दाव्याने बांधलेली घोडी, आणि तिच्या अंगाला टेकून उभी असलेली दोन-तीन फेटेवाली माणसं. शेजारी कंपनीची बस, मागे रिक्षांची पिरपिर. दुचाकीवरची पोरं मोबाइल काढून फोटो घेतात. मी घेत नाही. मी घोडीचे कान बघते. कान पुढे असले की बरं वाटतं. मागे वळून मानेला चिकटलेले असले तर सिग्नल सुटेपर्यंत मी तिच्यावरून नजर काढत नाही. मग घरी येऊन मी उगाचच नाथाला फोन लावते आणि जेवलास का म्हणून विचारते.

नाथा माझा धाकटा भाऊ. चाकणहून आत गेलं की आमचं गाव. मी लग्न होऊन आकुर्डीला आले, इथल्या शाळेत शिकवते. तो तिथेच राहिला. जमिनीतली अर्धी औद्योगिक वसाहतीत गेली, उरलेल्या कडेला आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भाड्याच्या खोल्या बांधल्या. लातूर-परभणीकडची कामगार मंडळी त्यात राहतात. त्या खोल्यांच्या रांगेमागे, पाण्याच्या टाकीला लागून, एक गोठा तेवढा राहिला. आमची घोडी साळू त्या गोठ्यात होती.

ज्यांनी आमच्याकडचा घाट पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. घाट म्हणजे टेकडीच्या अंगावर आखलेली सरळ चढाची वाट. खालून चार बैल जुंपलेला हलका गाडा सुटतो. गाड्यावर माणूस नसतो. बैलांपुढे घोडी पळते आणि घोडीवर स्वार. बैल घोडीच्या मागे धावतात, घोडी बैलांच्या पुढे धावते, आणि वर टोकाला निशाण लावलेलं असतं तिथे घड्याळ थांबतं. अशा एका धावेला बारी म्हणतात. घोटभर पाणी पिऊन होईस्तोवर ती संपलेली असते. तेवढ्यासाठी माणसं वर्षभर बैलांना पोटच्या पोरासारखं सांभाळतात.

बारी जिंकली की नाव गाडामालकाचं होतं, बैलांचं होतं. घोडीचं नाव भोंग्यावरून सहसा कोणी घेत नाही. साळूचं घेत. शर्यतींवरची बंदी उठली त्या हंगामात नाथा तिला घोडेबाजारातून घेऊन आला. कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, चारही पायांत पांढरे मोजे. आईने तिला पाहिलं आणि म्हणाली, "साळुंकीगत दिसती की गं." झालं, साळुंकीची साळू. शेजारगावच्या पहिल्याच यात्रेत, नाथा स्वार असताना, तिने जुना घाट मोडला, म्हणजे त्या घाटातल्या आजवरच्या सगळ्या बाऱ्यांहून कमी वेळात ती वर पोचली. मग खेडच्या अंगाला, मावळात, मुळशीकडे, जाईल तिथे तेच. आपल्या बैलांपुढे साळू पळावी म्हणून गाडामालक आमच्या ओसरीवर येऊन बसू लागले. पुकारणारा भोंग्यातून ओरडायचा, "आली आली आली! साळू आली!" आणि सगळा डोंगर उभा राहायचा. भंडाऱ्याने हवा पिवळी व्हायची. घरी यायची तेव्हा तिच्या आयाळीतून हळद गळायची, आणि अंगणात पाणी मारलं की मोरीपर्यंत पिवळे ओघळ जायचे.

बायका घाटावर जात नसत. आता थोड्याफार जातात. मी माहेरी असले की गच्चीवरून ऐकायची. लिंबाला मोहोर आलेला, खालच्या खोल्यांतून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, लांब कंपनीचा भोंगा, आणि त्या सगळ्यावरून वाऱ्याने तुटत तुटत येणारं साळूचं नाव. अंगावर काटा यायचा. अभिमानाचाच असेल असं मी धरून चालले होते.

नाथा सुट्या भागांच्या कंपनीत कामाला होता. पहिल्या शिफ्टहून आला की कपडेही न बदलता गोठ्यात जायचा. त्याच्या अंगाला मशीनवरच्या तेलाचा आणि घोडीच्या घामाचा मिळून एक वास यायचा, अजून कुठे तसला आला नाही. एकदा तो खरारा करत होता, मी दारात उभी होते. मी म्हटलं, "काय जिगर आहे रे हिची."

तो हसला नाही. हात थांबवून म्हणाला, "आक्का, लोक म्हनत्यात जिगर. जिगर न्हाई ती. भीती हाय."

त्याने तिच्या मागच्या मांडीवर बोट ठेवलं. केसांखाली एक लांब वण होता, नीट पाहिल्याशिवाय दिसला नसता. आधीच्या मालकाकडे असताना ती चढाला जरा मंदावली होती आणि मागच्या गाड्याचं जू तिच्या मांडीत घुसलं होतं. "तवापासनं मागं बैलाचा श्वास आला की तिला वाटतं, आता लागलं. म्हनून पळती. निशाण-बिशाण तिला काय ठावं?"

साळूने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. त्या दिवसापासून भोंग्यावरचं तिचं नाव मला पहिल्यासारखं ऐकू आलं नाही.

ज्या हंगामाची आठवण मला सुटत नाही तो तिचा शेवटचा. ऊन त्या वर्षी लवकर तापलं होतं. शाळेला सुट्टी लागताच मी गावी गेले. पोचले त्याच दुपारी नाथा साळूला फिरवायला निघाला होता, मीही सोबत गेले. आमच्या गावचा घाट गावामागच्या टेकडीवर. घोडीचा लगाम हातात धरून आम्ही चढाने वर गेलो. निशाणाचा जुना खांब होता तिथे पोचलो आणि पुढे पाहिलं, तर पुढे काही नव्हतं.

माझ्या लहानपणी निशाणापुढे मोकळं रान होतं. बाजरीची धसकटं, एक बाभूळ, मग लांबवर दुसऱ्या गावाची शीव. बारी संपली की घोड्या आणि बैल त्या रानात पांगायचे, वेग आपसूक उतरायचा. आता टेकडीची मागची बाजू मुरमासाठी विकली गेली होती. खाली पोकलेन दात रुतवून खात होतं, मुरमाने भरलेले हायवा डंपर रांगेने बाहेर पडत होते. कुठल्याशा गोदामासाठी जमीन सपाट करायची होती. टेकडी मागून खात खात ते काम निशाणाच्या जवळ येऊन ठेपलं होतं. कडेला लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधलेली, आणि पट्टीपलीकडे सरळ खाली, दोन मजली घराएवढं.

"गेल्या साली ती बाभूळ हुती," नाथा म्हणाला. "औंदा बाभूळ बी गेली."

"मग शर्यत कशी घेणार?"

"घेनार म्हनत्यात."

साळू त्या कडेपासून मागे मागे सरत होती. खालून पोकलेनचा घणघणाट आला की तिच्या कातडीवरून लाट गेल्यासारखं थरथरायचं. वारा उलटा आला आणि मुरमाची धूळ आमच्या तोंडात बसली. नाथा कडेला जाऊन उभा राहिला, मग निशाणाकडे वळून पाहू लागला. दरवर्षी घोडी वाढत्या वेगाने येत होती आणि दरवर्षी जमीन कमी होत होती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. खाली उतरेपर्यंत साळूच्या टापा तेवढ्या वाजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी देवळात यात्रेची बैठक होती. तिथे काय झालं ते आप्पांनी आणि नाथाने जेवताना भांडत भांडत सांगितलं, त्यामुळे मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं. नाथा बैठकीत म्हणाला होता की निशाण खाली घ्या, घाट आखूड करा, वर थांबायला जागा राहू द्या. त्यावर सगळे हसले होते.

"आखूड घाटात कसला इक्रम?" आप्पा म्हणाले. "उद्या साळूनं घाट मोडला तर लोक म्हनतील, घाटच आखूड केलता. आपल्या गावचा घाट तेवढा ऱ्हायलाय तिचा. बाकीचे समदे मोडले."

"आप्पा, वर जागा न्हाई."

"तुझ्या आज्यानं याच घाटात घोडी पळवली. त्याला कवा जागा कमी पडली न्हाई."

"तवा टेकडी हुती."

आप्पांचा घास हातातच राहिला. जमीन गेली तेव्हा ते एक शब्द बोलले नव्हते. बंदीच्या वर्षांत घरच्या शर्यतीच्या बैलांना नुसतं बसवून खाऊ घातलं तेव्हाही नाही. आता मात्र ताट सरकवून म्हणाले, "तुला घोडी आवरत न्हाई आसं सांग की सरळ. दुसरा बसवू. गावात काय स्वार कमी हायेत व्हय?"

आई म्हणाली, "अवो, काय बोलताय?" पण ते बोलून झालं होतं.

नाथा बाहेर गेला. मी मागोमाग गेले. तो गोठ्यात साळूच्या मानेवर हात टाकून उभा होता. मी त्याला म्हटलं, नाही म्हण. हात जोडते, नाही म्हण. तो म्हणाला, "म्या न्हाई म्हनलो तर हे दुसऱ्याला बसवतील. ती माझ्याबिगर कुनाचं ऐकत न्हाई, आक्का. दुसरा बसला तर ती थांबायचीच न्हाई."

मी साळूच्या पुढ्यातली रिकामी बादली उचलली आणि टाकीवरून पाणी भरून आणलं.

गोठ्याला लागून असलेल्या खोलीत मुक्ताबाई राहायच्या, लातूरकडच्या. नवरा वेल्डर, त्या डबे करायच्या. साळूला रोज शिळी भाकरी त्याच द्यायच्या. यात्रेच्या आदल्या दिवशी मला हाक मारून म्हणाल्या, "ताई, घोडी काल भाकर खाईना गेली बघा. हुंगली अन् तोंड फिरवली. आमच्याकडं जनावर असं करायलंय म्हणलं की माणूस त्याला कामाला काढत नाही." त्यांनी हे आप्पांनाही सांगितलं होतं. आप्पांनी देवाचा भंडारा साळूच्या कपाळाला लावला आणि गुळाचा खडा तिच्या ओठांत दाबला. तिने तो चघळला नाही. जमिनीवर पडलेल्या त्या खड्याला मुंग्या लागल्या.

यात्रेच्या दिवशी मी गच्चीवर बसू शकले नाही. डोक्यावरून पदर घेऊन घाटावर गेले आणि थेट वर, निशाणापाशी जाऊन उभी राहिले. पोकलेन त्या दिवशी बंद होतं. कडेवर दोरी बांधली होती आणि दोरीलगत मोटरसायकली लावल्या होत्या. शर्यत नीट दिसावी म्हणून माणसं अगदी कडेपर्यंत दाटली होती, पण सगळ्यांची पाठ कडेकडे आणि तोंडं खाली. एकामागून एक गाडे सुटत होते. घोड्या येत होत्या, स्वार निशाणाच्या आधीपासूनच लगाम खेचत होते, गाडे कसेबसे थांबत होते. प्रत्येक वेळी माणसं थोडी मागे रेटली जायची आणि हसायची. मला वाटत होतं, हे हसताहेत कसे?

मग भोंग्यावर साळूचं नाव आलं आणि हलगी थांबली.

एवढ्या लांबून ती खाली एक तपकिरी ठिपका होती. नाथाचा पांढरा फेटा दिसत होता. "सोड!" झालं, आणि ठिपका फुटला. ती पळत येत होती असं म्हणायला माझी जीभ धजावत नाही, कारण तिचं पोट जमिनीला लागल्यासारखं दिसत होतं आणि कान पार मानेत गेले होते. मागे चार बैल, त्यांच्या तोंडचा फेस उडत होता. लोकांच्या आरोळीत टापांचा आवाज बुडाला. निशाणाजवळ आली तेव्हा मला नाथाचा चेहरा दिसला. तो मागे पूर्ण आडवा झाला होता, दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढलेला, आणि तोंडाने काहीतरी सांगत होता, हळू, समजावणीच्या सुरात. साळू ऐकत नव्हती. ती निशाण ओलांडून माझ्यासमोरून गेली. वाऱ्याने माझा पदर उडाला.

समोर माणसं होती, मोटरसायकली होती, दोरी होती आणि त्यापुढे आभाळ होतं. मागे चार बैल होते, ते साळू जाईल तिकडे जाणार होते.

नाथाने तिला डावीकडे मोडलं. तिकडे माणसं नव्हती, फोडलेल्या दगडांचा ढीग होता. एवढ्या वेगात घोडी वळत नाही, पण ती वळली, त्याचं तेवढं ऐकलं तिने. तिच्यामागे बैल वळले, गाडा उलटला, चाक निखळून एकटंच कडेवरून खाली गेलं. साळूचे पुढचे पाय दगडांत गेले आणि ती नाथाला खाली घेऊन पडली.

आणि मागे भोंगा ओरडत होता, "मोडला! घाट मोडला! साळूनं घाट मोडला!" भंडारा उडत होता. सगळी माणसं अजून खाली घड्याळाच्या फळ्याकडेच बघत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण त्या अख्ख्या टेकडीवर पाठीमागे वळून बघणारी मी एकटी होते. मी ओरडले. माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. पिवळी धूळ माझ्या भावावर आणि त्याच्या घोडीवर सावकाश येऊन बसत होती.

बैल वाचले. माणूस एकही गेला नाही. नाथाच्या मांडीचं हाड मोडलं, ते त्याला उचलून गाडीत घातलं तेव्हा कळलं. साळूचे पुढचे दोन्ही पाय गेले होते. ती उठायला बघत होती आणि पुन्हा पडत होती. गुरांच्या डॉक्टरांनी पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि पेटी उघडली. आप्पांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इंजेक्शन दिलं तेव्हा तिचे कान पुढे आले. एवढ्या वर्षांत ते तसे, सैल, पुढे आलेले मी पाहिले नव्हते.

तिला पुरायला खड्डा हवा होता. मुरमात कुदळ चालेना. मग पोकलेनवाल्यालाच बोलावणं गेलं. झारखंडचा माणूस होता, वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीतून धावत आला. टोपी काढून आप्पांना म्हणाला, "चाचा, कहाँ खोदूँ?" आप्पांनी नुसता हात केला, समोर, निशाणाच्या पुढे, जिथे बाभूळ असायची तिकडे. ती जागा केव्हाच गेली होती. त्या माणसाने थोडं थांबून, आपल्याच मनाने, दुसरीकडे खणलं.

पुढच्या हंगामापर्यंत ती टेकडीच राहिली नाही. आता तिथे निळ्या पत्र्याचं मोठं गोदाम आहे आणि कंटेनर आत-बाहेर करतात. घाटच नाही, त्यामुळे साळूचा तो विक्रम आता कोणी मोडू शकत नाही. आप्पा हे एकदा मोठ्या आवाजात म्हणाले, पाहुण्यांसमोर. म्हणून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आपण काय म्हणालो ते. त्यानंतर त्यांनी बैल विकले नाहीत, पण गाडा पुन्हा जुंपला नाही. नाथाने त्यांना कधी दोष दिला नाही. दोघं अजून एकाच ओसरीवर चहा पितात. साळूचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून जातो, कधी हा, कधी ते.

नाथाच्या पायात सळई आहे. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. मला वाटलं होतं, घाट आता त्याच्या आयुष्यातून गेला. पण चैत्र लागला की रविवारी हा स्कूटर काढून कुठे जातो ते त्याच्या बायकोलाही कळेना. ती मला म्हणाली, "ताई, विचारा ना जरा. मला नुसतं येतो म्हणतात." यंदा मी विचारलं नाही, त्याच्या मागे स्कूटरवर बसले.

मावळाच्या अंगाला एक घाट होता. मांडवात लोकांनी त्याला ओळखलं, फेटा बांधायला बोलावलं. तो नको म्हणून हात जोडून पुढे गेला. लंगडत लंगडत वर, निशाण ओलांडून पलीकडे, जिथे बघण्यासारखं काही नसतं तिथे. आधी त्याने जमीन पायाने चाचपली. मग वाकून दगड वेचून बाजूला टाकू लागला. तिथे लावलेल्या मोटरसायकली त्याने पोरांना काढायला लावल्या.

एक जण म्हणाला, "काका, बारी तिकडं हाय. हिकडं काय बघताय?"

"तुमी बघा तिकडं," नाथा म्हणाला. "म्या हितं हाय."

खाली हलगी थांबली. गाडा सुटला. सगळा डोंगर चढाकडे तोंड करून ओरडू लागला आणि घोडी आली, काळीभोर, कान मानेत. तिने निशाण ओलांडलं तशी सगळी डोकी फळ्याकडे वळली. नाथा तिच्या वाटेत उभा होता. दोन्ही हात खाली, पसरलेले, तळवे उघडे. "हो, हो. बास, बाय, बास. झालं. न्हाई लागत आता. झालं." घोडीने त्याला पाहिलं. तिची चाल मोडली, मग दुडकी झाली, आणि ती त्याच्या उजवीकडून फुरफुरत निघून गेली, तिच्यामागे मंदावलेले बैलही. स्वाराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मागे वळून आकडा विचारत होता.

मी म्हटलं, "नाथा, एखादी नाही थांबली तर?"

त्याने कपाळावरची धूळ पुसली. खाली पुढचा गाडा जुंपून झाला होता, भोंग्यातून आरोळी उठली. त्याने मला हाताने बाजूला सारलं, दुखरा पाय मागे घेतला आणि चांगला पाय मातीत रोवला.